१९ डिसेंबर : ‘इंडिपेंडन्स’ की ‘लिबरेशन’?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, पाचवीतल्या मुलीने इंग्रजी निबंधात १९ डिसेंबर हा गोव्याचा ‘इंडिपेंडन्स डे’ असल्याचे लिहिले तेव्हा त्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून वर ‘लिबरेशन’ लिहिले. पण ‘टीचर, दोन्हींचा अर्थ एकच ना?’ या तिच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

लाल रेघ योग्यच आहे. ‘इंडिपेंडन्स’च्या मुळाशी लॅटिनमधला लोंबण्याचा, टांगलेले असण्याचा अर्थ आहे, जो दुसऱ्याला लोंबकळत नाही तो इंडिपेंडन्ट. आपल्या ‘अवलंबून’मधला ‘लंब्’ धातू नेमके हेच सांगतो, हे साम्य मुलांना आवर्जून दाखवावे. ‘लिबरेशन’च्या मुळाशी ‘लिबेर’, म्हणजे मोकळा, हा शब्द आहे. त्याचे ‘लिबरेट’ हे क्रियापद सकर्मक असल्यामुळे कोणी, कोणाला आणि कोणाच्या ताब्यातून सोडवले हे तीनही प्रश्न त्याच्यामागून येतात. थोडक्यात, पहिला शब्द स्थितीचा आणि दुसरा कृतीचा आहे. म्हणूनच देश आपले इंडिपेंडन्स जाहीर करू शकतो, लिबरेशन मात्र घडावे लागते. नेदरलँड्स ५ मे हा लिबरेशन डे म्हणून पाळतो, कारण ते राष्ट्र आधीपासूनच स्वतंत्र होते; १९४५ साली संपला तो जर्मनीचा कब्जा. बांगलादेशात तर दोन्ही शब्द शेजारी नांदतात : १९७१ चे युद्ध लिबरेशनचे, आणि २६ मार्च हा दिवस इंडिपेंडन्सचा.

गोव्याचे तसे नाही. डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑपरेशन विजय’ने पोर्तुगीज राजवट संपली, तेव्हा नवे सार्वभौम राष्ट्र जन्माला आले नाही, गोवा भारतात आला, आधी दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश म्हणून आणि ३० मे १९८७ पासून घटक राज्य म्हणून. १५ ऑगस्ट १९५५ रोजी, भारताच्या स्वातंत्र्यदिनीच, सत्याग्रही पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगिजांच्या गोळ्या झेलत होते ते गोव्याच्या मुक्तीसाठी. त्या एका तारखेत दोन्ही शब्दांमधले अंतर मला सर्वांत स्पष्ट दिसते.

मराठीतही स्वातंत्र्य ‘मिळते’, मुक्ती ‘होते’, आणि ती नेहमी कशातून तरी होते. मराठवाड्याचा लढाही याच कारणाने मुक्तिसंग्राम ठरला. (सुटा शब्द ‘मुक्ती’, पण समासात ‘मुक्तिदिन’, फलकांवर ही वेलांटी फार चुकते.) लढलेल्यांना मात्र आपण स्वातंत्र्यसैनिकच म्हणतो आणि ते बरोबर आहे, कारण तिथे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ‘फ्रीडम’च्या व्यापक अर्थाने येतो.

त्या मुलीच्या वहीत एवढे एकच वाक्य लिहून द्यावे : भारत १९४७ साली स्वतंत्र झाला आणि गोवा १९६१ साली पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला.