इंग्लिश क्लबांनी मॅनेजर परदेशी घ्यावा की घरचा?

प्रश्न असा आहे की प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या, क्लबांनी परदेशी मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) आणण्याऐवजी ब्रिटिश माणसालाच आधी संधी द्यावी का. माझं उत्तर 'नाही'. पण क्लबांचे मालक ज्या घाईने बाहेरचं नाव उचलतात, तेही मला पटत नाही.

आधी 'ब्रिटिश' या शब्दाचा गुंता सोडवू. १९९३ ते २०२५ या ३३ मोसमांतली १४ विजेतेपदं ब्रिटिश मॅनेजरांचीच आहेत: १३ मँचेस्टर युनायटेडच्या ॲलेक्स फर्ग्युसनची आणि ब्लॅकबर्नचं एक केनी डॅलग्लिशचं. दोघेही स्कॉटिश. उरलेली १९ परदेशी मॅनेजरांनी नेली. इंग्लिश मॅनेजरचं एकही नाही! शेवटचा होता लीड्सचा हॉवर्ड विल्किन्सन, १९९२ साली, प्रीमियर लीग सुरू होण्याच्या आदल्या मोसमात. आणि इंग्लंडच्याच पेस्ली, क्लफ आणि बार्टन या मॅनेजरांनी १९७७ ते १९८२ सलग सहा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकले होते. त्यामुळे दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही.

पण बाहेरच्या माणसाने इंग्लिश फुटबॉलचं नुकसानच केलं, हे म्हणणं मला मान्य नाही. १९९६मध्ये आर्सेन वेंगर जपानच्या नागोयाहून आर्सेनलला आला तेव्हा इंग्लंडमध्ये त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्याने आधी खेळाडूंचं ताट बदललं. उकडलेली मासळी, भाज्या आल्या आणि बसमधली चॉकलेटं बंद झाली. चॉकलेटं परत द्या म्हणून खेळाडूंनी बसमध्ये गलका केला, तो किस्सा प्रसिद्धच आहे. संघाची बचावफळी तेव्हा तिशीच्या घरात किंवा पलीकडे गेलेली: ॲडम्स, डिक्सन, विंटरबर्न, बोल्ड, किओन. सगळे इंग्लिश, सगळे वेंगरच्या आधीपासूनचे. दुसरा कुणी असता तर त्यातल्या निम्म्यांना निरोप दिला असता. वेंगरने त्यांचं करिअर कित्येक वर्षांनी लांबवलं. ३ मे १९९८ रोजी एव्हर्टनविरुद्ध विजेतेपदावर शिक्कामोर्तब करणारा चौथा गोल आठवा. स्टीव्ह बोल्डने अलगद उचलून दिलेला पास, टोनी ॲडम्सने तो छातीवर घेतला आणि डाव्या पायाने जाळ्यात मारला. हे दोघेही सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू! तो गोल मी आजही काढून बघतो.

आता दुसरी बाजू. दुरून डोंगर साजरे दिसतात. २०१७मध्ये क्रिस्टल पॅलेसने फ्रँक डी बोअरला आणलं. आयाक्सला त्याने सलग चार वेळा डच लीग जिंकून दिली होती, पण पॅलेसकडे तसं खेळणारे खेळाडूच नव्हते. लीगमध्ये ४ सामने, ४ पराभव, एकही गोल नाही, ७७ दिवसांत हकालपट्टी. मग ७० वर्षांचा इंग्लिश रॉय हॉजसन आला. लीगमधले पहिले तीन सामने तोही हरला, पण नंतर गतविजेत्या चेल्सीला हरवलं आणि मोसमाअखेर संघ अकरावा आला. हातातला संघ कसा आहे ते बघून मॅनेजर निवडायचा असतो, एवढी साधी गोष्ट मालक विसरतात.

आणि पिकतं तिथे विकत नाही, हेही खरंच. इंग्लिश एडी हाऊने ३१व्या वर्षी बोर्नमथ हाती घेतलं तेव्हा १७ गुण कापले गेलेला तो क्लब चौथ्या श्रेणीतूनही बाहेर फेकला जाण्याच्या बेतात होता. त्याला त्याने प्रीमियर लीगपर्यंत आणलं. तरी २०२१मध्ये न्यूकॅसलच्या नव्या मालकांनी आधी विचारलं स्पॅनिश उनाय एमरीला. तो नाही म्हणाला, म्हणून हाऊ. पुढे हाऊने २०२५मध्ये लीग कप जिंकला, न्यूकॅसलचा १९५५नंतरचा पहिला मोठा देशांतर्गत चषक. एमरीनेही ॲस्टन व्हिलाला चॅम्पियन्स लीगमध्ये नेलं. दोघंही अव्वल निघाले. आपल्याकडेही मुंबई एफसी अनेक वर्षं सांभाळलेल्या खालिद जमीलने २०१७मध्ये मिझोरामच्या ऐजॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, पण आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबचं कायम मुख्य प्रशिक्षकपद मिळायला २०२१ उजाडलं.

राखीव जागा ठेवून हे सुटणार नाही. इंग्लिश कोचने बाहेर पडावं, असं मला मनापासून वाटतं. स्पेन-इटलीत कोचला आजही 'मिस्टर' म्हणतात, कारण तिथे सुरुवातीला शिकवायला ब्रिटिशच गेले होते. बॉबी रॉबसन १९९२मध्ये लिस्बनला गेला, तिथे त्याचा दुभाषा होता जोझे मोरिन्यो. पुढे इंग्लंडमध्ये तीन विजेतेपदं जिंकणारा हा 'परदेशी' एका इंग्लिश माणसाच्या हाताखाली तयार झाला.

ग्रॅहम पॉटरही तसाच गेला. २०११मध्ये त्याने स्वीडनच्या चौथ्या श्रेणीतला ओस्टरसुंड हा क्लब घेतला, सर्वोच्च श्रेणीत नेला, स्वीडिश कप जिंकला. फेब्रुवारी २०१८मध्ये युरोपा लीगमध्ये (युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा) या संघाने आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवलं. दोन सामन्यांच्या या लढतीतला पहिला सामना जिंकल्यामुळे पुढे आर्सेनलच गेलं, पण त्या रात्री पाहुण्या संघाचा मॅनेजर इंग्लिश होता आणि यजमानांच्या बाकावर वेंगर बसला होता.