आजीचा कातीव कुंकवाचा करंडा: किती जुना? सावंतवाडीचा की चन्नपट्टणचा?

आधी करंड्याच्या तोंडाचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. लाकूड लेथवर फिरवून कातताना ते गोल असतं. पण लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही, म्हणून वर्षांनी किंचित लांबट होतं. जुन्याचं झाकण एकाच जागी नीट बसतं, जरा फिरवलं की अडतं. पण ओलं लाकूड कातलं असेल तर नवाही असा होतो, तेव्हा एवढ्यावर निर्णय नको. आतली झीज, खोल मुरलेलं कुंकू पाहा.

तळाशी स्पिरिटचा बोळा टेकवा, रंगाचा थर लाखेचा असेल तर चिकट होतो. मात्र लाखकाम आजही होतं, त्यावरून वय कळत नाही.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचं लाकूड बहुधा काळा कुडा या झाडाचं, पांढरट, बारीक पोताचं. सावंतवाडीच्या करंड्यावर चिताऱ्यांची (तिथल्या रंगकाम करणाऱ्या कारागिरांची) कुंचल्याची नक्षी शोधा. आणि कृपा करून करंडा धुऊ नका!