वाचक विचारतात : जी-वनचं गणित

न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी कुस्ती-कंपनीची ‘जी-वन क्लायमॅक्स’ ही साखळी स्पर्धा १९९१ पासून दर वर्षी होते. गटात प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, विजयाला २ गुण, बरोबरीला १, हरला की भोपळा. लढतीआधी आकडे मांडून अंदाज बांधणारे वाचक नागपुरात आम्हाला वाटलं त्याहून जास्त निघाले. त्यांच्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नागपंचमीच्या दंगलीत पैलवानाचं वजन, वय, आधीच्या कुस्त्या बघून आम्ही अंदाज बांधतो. जपानी रेसलिंगचा निकाल तर आधीच ठरलेला. मग आकडे काढून काहून डोकं शिणवायचं?
– एक वाचक, महाल

डोकं शिणवायचं, पण आकडे कशाचे आहेत ते ओळखून. दंगलीतली नोंद पैलवानाचा दम सांगते. इथली नोंद लढती ठरवणाऱ्याची, म्हणजे या धंद्यातल्या बुकरची, सवय सांगते. आणि सवय ही दमापेक्षा सोपी मोजता येते.

एक ठळक सवय घ्या. १९९१ ते २०२५ या काळात आयडब्ल्यूजीपी हेवीवेट किताब, म्हणजे न्यू जपानचा सर्वोच्च किताब, कमरेला असताना जी-वन जिंकणारे दोनच : १९९५ मध्ये केइजी मुतो आणि २००० मध्ये केन्सुके सासाकी. त्यानंतर एकही नाही. चॅम्पियन कमजोर असतो म्हणून हे घडत नाही. साखळीत त्याला जो हरवतो, तो आपोआप पुढच्या किताबी लढतीचा दावेदार होतो. चॅम्पियनच्या दोन-तीन हारींतून बुकरला शरद ऋतूपर्यंतचे आव्हानवीर मिळतात. शिवाय २०१२ पासून बरीच वर्षं जी-वनच्या विजेत्याला ४ जानेवारीला टोक्यो डोममध्ये किताबी लढत मिळत आली. चॅम्पियनच जिंकला तर समोर उभा कोणाला करायचा?

म्हणून तक्त्यात ‘त्या दिवशी चॅम्पियन होता का’ हा रकाना ठेवाच. २०२१ मध्ये हा किताब दुसऱ्या एका किताबाशी जोडून ‘वर्ल्ड हेवीवेट’ हा नवा किताब झाला; दोन्ही नावं एकाच रकान्यात धरा, नाहीतर मालिका मधेच तुटेल.

प्रश्न : केनी ओमेगा आणि काझुचिका ओकादा यांच्या लढतींची सरासरी वेळ ४९ मिनिटं येते. पण गटातली लढत ३० मिनिटांपुढे जाऊच शकत नाही! शिवाय शीटमध्ये टाकलेल्या वेळा आपोआप बदलतात. नेमकं चुकतंय कुठे?
– एक वाचक, प्रतापनगर

तुमचा हिशोब बरोबर आहे. घोळ मिसळणीत आहे. न्यू जपानमध्ये या दोघांच्या एकास-एक लढती चार : ४ जानेवारी २०१७ ला ओकादा ४६ मिनिटं ४५ सेकंदांत जिंकला, ११ जून २०१७ ला ६० मिनिटं संपली आणि लढत बरोबरीत सुटली, १२ ऑगस्ट २०१७ ला जी-वनच्या गटात ओमेगा साधारण पंचविसाव्या मिनिटाला जिंकला, ९ जून २०१८ ला तीनपैकी दोन डावांची, वेळेची मर्यादाच नसलेली लढत ६५ मिनिटांच्या आसपास गेली आणि किताब ओमेगाकडे आला. म्हणजे चार लढतींत तीन वेगळे नियम. यातली पुढच्या गटलढतीसाठी कामाची वेळ एकच आहे, ऑगस्टची. त्या एकीची सरासरी काढायची नसते.

म्हणून प्रत्येक ओळीत वेळेच्या शेजारी वेळमर्यादा लिहा. जी-वनच्या गटात ती बरीच वर्षं ३० मिनिटं होती, पण २०२२ मध्ये गट चार झाले आणि २०२३ मध्ये मर्यादा २० वर आली. अंतिम लढतीला मर्यादा नसते. २०२३ च्या वेळा २०१९ च्या वेळांत ओतल्या की सगळे ‘झटपट जिंकायला लागले’ असं दिसतं. झटपट कोणीच झालेलं नसतं, घड्याळ लहान झालेलं असतं.

बरोबरीच्या लढतीची वेळ सरासरीत घेऊ नका. ३० मिनिटांवर घंटा वाजली याचा अर्थ लढत ३० मिनिटांत निकाली निघाली असा नाही. ती पुढे किती चालली असती हे कोणालाच ठाऊक नाही. अशा ओळींवर ‘मर्यादेवर थांबली’ अशी खूण करून त्या वेगळ्या मोजा.

सरासरीऐवजी मध्यक वापरा, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावून मधली घ्या. तोरू यानोसारखा गडी तुमच्या गटात असला की याचं महत्त्व कळतं. तो लढत रेंगाळू देत नाही. कोपऱ्याचं पॅड सोडवायचं, पंचाची पाठ वळली की कमरेखाली ठोसा द्यायचा आणि गुंडाळून तीन मोजून घ्यायचे. २०१९ मध्ये त्याने जॉन मॉक्सलीचा पाय टेपने त्याच्याच साथीदाराच्या, शोता उमिनोच्या, पायाला बांधला. मॉक्सली वीस मोजायच्या आत रिंगमध्ये परतू शकला नाही आणि यानोला २ गुण मिळाले. अशा लढती प्रतिस्पर्ध्याच्या सरासरीला खड्डा पाडतात.

आता शीटचं. तुम्ही ४६:४५ लिहिता तेव्हा एक्सेल ते ४६ तास ४५ मिनिटं समजतं, आणि सेलचं स्वरूप तास-मिनिटांचं असेल तर २४ तास वजा करून २२:४५ दाखवतं. उपाय दोन : ०:४६:४५ असं तीन भागांत लिहा, किंवा सरळ सेकंदांत टाका. ४६ गुणिले ६० अधिक ४५, म्हणजे २८०५. आमचा कौल सेकंदांना. बेरीज, मध्यक, तुलना सगळं बिनबोभाट होतं.

प्रश्न : जपानी निकालपत्रकातली चिन्हं आणि नावं कशी लावायची?
– एक वाचक, सीताबर्डी

○ म्हणजे विजय, × किंवा ● म्हणजे हार, △ म्हणजे बरोबरी. सगळ्या गटाचा चौकटीचा तक्ता असतो, त्याला होशितोरी-ह्यो म्हणतात. सुमोतूनच आलेला शब्द.

सगळ्यात जास्त फसगत ‘निर्णायक डाव’ लिहिताना होते. पत्रकात बहुधा आधी डाव आणि पुढे ‘काता-एबी-गातामे’ असं असतं. तो काही जिंकून देणारा डाव नाही. एक पाय उचलून खांदे टेकवायची ती पकड आहे, म्हणजे आपल्या भाषेत चितपट कशी केली ते. पहिला शब्द डावाच्या रकान्यात, दुसरा निकालाच्या प्रकारात. असं केलं नाही तर शेवटी ‘सगळ्यात घातक डाव : काता-एबी-गातामे’ असा शोध लागतो.

निकालाचे प्रकार इतके पुरतात : चितपट, शरणागती, पंचाने थांबवली, रिंगबाहेर मोजणी, नियमभंग, वेळ संपली, न लढता विजय. जपानी पत्रकात आडनाव आधी असतं, इंग्रजीत नंतर. ‘नाइतो तेत्सुया’ आणि ‘तेत्सुया नाइतो’ ही शीटच्या लेखी दोन माणसं. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि बेरजा क्रमांकावरच करा. तारीख लढतीच्या गावची लिहा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथली संध्याकाळी साडेसहाची लढत इथे दुपारी तीनला, तारीख तीच. पण २०१९ ची पहिली रात्र ६ जुलैला अमेरिकेत डॅलसला झाली, तेव्हा नागपुरात ७ तारखेची सकाळ होती.

प्रश्न : शेवटच्या दिवशी कोण शर्यतीत आहे आणि कोण बाद, हे चटकन कसं काढायचं? माझी गुणांची बेरीजही जुळत नाही.
– एक वाचक, धरमपेठ

आधी बेरीज. दहा जणांच्या गटात ४५ लढती, प्रत्येकीत २ गुण वाटले जातात, एकूण ९०. सात जणांच्या गटात (२०२२) २१ लढती, ४२ गुण. आठ जणांच्या गटात (२०२३) २८ लढती, ५६ गुण. स्पर्धा संपल्यावर तुमची बेरीज ९० ऐवजी ८९ आली तर एखाद्या बरोबरीचा एक गुण एकाच बाजूला लिहिला गेलाय. ८८ आली तर सहसा एखादी अख्खी लढत राहून गेलेली असते. विषम गुणसंख्या असलेले पैलवान आधी तपासा. बरोबरी त्यांच्याच खात्यात असते.

न लढता मिळालेले गुण बेरजेत येतात, पण कामगिरीत धरायचे नाहीत. २०२१ मध्ये तेत्सुया नाइतोच्या गुडघ्याला पहिल्याच लढतीत दुखापत झाली आणि उरलेल्या आठ जणांना त्याच्याविरुद्धचे २ गुण न लढता मिळाले. नाइतोची नोंद नऊपैकी शून्य अशी नाही, एकपैकी शून्य अशी आहे. त्या आठ जणांची विजयाची टक्केवारीही एक लढत कमी धरून काढा.

आता शर्यत. प्रत्येकाचे आजचे गुण अधिक उरलेल्या लढती गुणिले २, ही त्याची कमाल. ती पहिल्याच्या आजच्या गुणांपेक्षा कमी असेल तर गडी बाद. समान असेल तर मात्र थांबा, कारण गुण सारखे झाले की आपसातली लढत कोणी जिंकली ते बघतात. कमाल गाठूनही आधीच त्याच्याकडून हरलेला असेल तर तोही बादच.

२०१९ च्या ए गटात शेवटच्या दिवशी ओकादाचे १४ आणि कोता इबुशीचे १२ गुण होते, आणि लढत याच दोघांत होती. ओकादाला बरोबरीही पुरत होती. इबुशी जिंकला, १४-१४ झाले, आपसातल्या विजयामुळे इबुशी अंतिम फेरीत गेला आणि पुढे स्पर्धाही त्यानेच मारली. २०१६ मध्ये याच्या उलट झालं. ओकादा आणि हिरोशी तानाहाशी यांची शेवटची लढत ३० मिनिटांवर बरोबरीत सुटली, दोघेही ११ वर अडकले आणि १२ गुणांचा हिरोओकी गोतो पुढे गेला. ज्यांनी आपल्या तक्त्यात बरोबरीचा रकानाच ठेवला नव्हता, त्यांना ही वाट दिसणं शक्यच नव्हतं. शेवटच्या दिवसाच्या पाच लढतींचे बरोबरी सोडून ३२ निकाल होतात, बरोबरी धरली तर २४३. शीटला २४३ ओळी जड नाहीत, टाका.

प्रश्न : दोनपैकी दोन जिंकला, म्हणजे शंभर टक्के लिहायचं का?
– एक वाचक, कामठी रोड

नाही. विजयांत १ मिळवा, लढतींत २ मिळवा आणि मग भागा. दोनपैकी दोन झाले ४ पैकी ३, म्हणजे ७५ टक्के. बरोबरी अर्धा विजय धरा. वरच्या ओमेगाचे ओकादाविरुद्ध चार लढतींत २ विजय आणि १ बरोबरी, म्हणजे अडीच. त्यात १ मिळवून ६ ने भागलं की ५८ टक्के. मूळ साडेबासष्टपेक्षा थोडं नरम, आणि चार लढतींच्या जोरावर त्याहून जास्त बोलायचा कोणाला हक्क नाही. ‘घरच्या गावात हमखास जिंकतो’ ही टक्केवारी तर बहुतेकदा दोन-तीन लढतींवर उभी असते. ती सोडूनच द्या.

प्रश्न : आम्ही मित्र जुन्या स्पर्धा निकाल झाकून बघतो आणि तर्री-पोह्यांची पैज लावतो. २०१९ च्या बी गटात मॉक्सली पाचपैकी पाच जिंकला म्हणून त्याच्यावर लावली आणि तोंडघशी पडलो. अंदाज तपासायची काही पद्धत आहे का?
– एक वाचक, गोकुळपेठ

मॉक्सली पुढच्या चारही लढती हरून १० वर थांबला. त्याच गटात जे व्हाइट पहिल्या तीन हरला, नंतरच्या सहा जिंकून १२ गुणांवर गट घेऊन गेला. इबुशीही दुसऱ्या गटात पहिल्या दोन हरूनच आला होता. दंगलीत सलग पाच कुस्त्या मारणारा सहावीलाही भारी वाटतो, कारण अंगात जोर असतो. इथे पाच सलग विजय म्हणजे बुकरने त्याचं खातं भरून ठेवलंय, आता शेवटच्या दिवसापर्यंत चुरस टिकवायला ते रिकामं करावं लागणार. पहिल्या आठवड्यातल्या गुणांना तक्त्यात अगदी कमी वजन द्या. शेवटच्या दिवशीची सर्वात शेवटची लढत कोणाकोणात लावली आहे, ते आधी बघा. वेळापत्रक जाहीर झालं की ते सगळ्यांसमोरच असतं.

तपासणी अशी : प्रत्येक लढतीआधी टक्के लिहून ठेवा, पेन्सिलने नव्हे. ७० टक्के म्हटलं आणि तो जिंकला तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. हरला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. बरोबरी झाली तर निकाल ०.५ धरा. गटाच्या ४५ लढतींच्या वर्गांची सरासरी काढा. प्रत्येक वेळी डोळे झाकून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी बरोबरी सोडून ०.२५ येते. तुमची त्याच्या वर गेली तर नाणं उडवणारा तुमच्यापेक्षा हुशार ठरला, आणि पोह्यांचे पैसे तुमचे.

पैज मात्र पोह्यांच्या पलीकडे नेऊ नका. निकाल आधीच कोणाला तरी माहीत असलेल्या खेळावर पैसे लावले तर समोरच्याला आकडेमोडीची गरजच पडत नाही.