बाइकचे नी-गार्ड बर्फात चालतील का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जानेवारीत गुलमर्गला जाऊन स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरगाडी, चालवायची आहे. माझ्याकडे बाइकचे नी-गार्ड आहेत. तेच चालतील, की वेगळे घ्यावेत? — वाचक, चिपळूण

उत्तर : चालतील, पण आधी आतला पॅड बाहेर काढून त्यावरचा शिक्का वाचा. युरोपच्या ईएन १६२१-१ या मानकात पॅडवर ५० जूलचा आघात करतात, म्हणजे साधारण ५ किलोचे वजन एक मीटरवरून सोडतात. पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पोहोचला तर पहिली पातळी, २० पर्यंतच पोहोचला तर दुसरी. घ्यायचेच तर दुसऱ्या पातळीचे घ्या. शिक्क्यात ‘के’ हे अक्षर गुडघ्यासाठी आणि ‘एल’ नडगीसाठी असते. तुम्हाला दोन्ही हवीत. शिवाय ‘टी’ आणि त्यापुढे उणे चिन्ह असेल तर तो पॅड उणे १० अंशांतही तपासलेला असतो. चिपळूणच्या उकाड्यात बोटाने दाबून मऊ लागलेला पॅड कडाक्याच्या थंडीत ताठरतो आणि गुडघ्याच्या वळणावर नीट बसत नाही. स्वस्तातले कडक प्लास्टिक तर थंडीत ठिसूळ होते.

बर्फ मऊ, मग एवढे कशाला, असे वाटेल. पण गुडघा बर्फापेक्षा गाडीवरच जास्त आपटतो. उंचवटा ओलांडून गाडी दाणकन खाली आली की बसलेला माणूस पुढे सरकतो आणि गुडघे समोरच्या पॅनेलला लागतात. उभ्याने चालवताना पाय घसरला तर नडगी रनिंग बोर्डच्या, म्हणजे पाय ठेवायच्या पट्टीच्या धारेवर जाते. बूट घसरू नये म्हणून ती पट्टी मुद्दाम खरखरीत ठेवलेली असते, त्यामुळे सालटे निघायला वेळ लागत नाही. म्हणून गार्ड गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटे वरून सुरू होऊन बुटाच्या काठापर्यंत पोहोचायला हवा. त्याहून लांब नको. बर्फाचे बूट उंच आणि जाड असतात; गार्ड घोट्यापर्यंत असेल तर बसताना बूट त्याला वर ढकलतो आणि गुडघ्याचा कप वाटीवरून सरकतो. खरेदीला जाताना बूट बरोबर न्या.

चालकाच्या मागे बसून एक फेरी मारायची असेल, तर मात्र नव्या गार्डचा खर्च करू नका. आहेत तेच घाला.

प्रश्न : ऑनलाइन मागवताना माप कसे घ्यायचे? मागचे गार्ड सारखे खाली उतरायचे. — वाचक, दापोली

उत्तर : थर्मल, म्हणजे आतून घालायची उबदार पॅन्ट, घालूनच माप घ्या. वाटीच्या मध्यावर पेनाने खूण करा, तिथून १५ सेंटिमीटर वर मांडीचा आणि १५ सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर मोजा. फक्त उंचीवरून ‘मीडियम’ मागवला की हमखास फसगत होते.

गार्ड उतरतो तो बहुतेकदा पट्ट्यांमुळे. गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरीचा फुगवटा सुरू होण्याआधी जो पट्टा येतो, तोच गार्डला वर धरून ठेवतो. पाय किंचित वाकवून तो आधी आवळा, बाकीचे नंतर. मग घरातच वीस उठाबशा काढा. कप बोटभराहून जास्त हलला तर माप चुकले, परत पाठवा. पावलाला मुंग्या आल्या तर पट्टे सैल करा. रक्त अडले की थंडीत बोटे आधी बधिर होतात.

क्रम असा : थर्मल, त्यावर गार्ड, त्यावर वॉटरप्रूफ पॅन्ट. गार्ड बाहेरून घातला तर वेल्क्रोत बर्फ भरतो आणि पट्टा सुटतो. आत सुती लेगिंग नको, घामाने भिजली की वाळत नाही.

प्रश्न : माझे लिगामेंटचे जुने दुखणे आहे. चांगला गार्ड पुरेल ना? — वाचक, मालवण

उत्तर : नाही. गार्ड मार झेलतो, पिळवटणे थांबवत नाही. त्यासाठी मांडीपासून पोटरीपर्यंत कडक चौकट आणि दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस लागतो, तोही हाडांच्या डॉक्टरांना दाखवून. औषधाच्या दुकानातली इलॅस्टिकची नी-कॅप या दोन्हींपैकी कशातच मोडत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गार्डना बुरशी येते, बकल गंजतात. काय करावे? — वाचक, देवगड

उत्तर : पॅड काढून कापड सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात पॅडचा फोम खराब होतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. हापूसच्या रिकाम्या पेटीत ठेवणार असाल तर पेंढा आधी काढा, तो ओल धरतो. खाऱ्या वाऱ्याने गंज धरतात ते रिव्हेट आणि बिजागरीचे स्क्रू. ते महिन्यातून एकदा पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. हाताशी आहे म्हणून खोबरेल मात्र लावू नका. ते २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागते. बर्फात बिजागरी जागच्या जागी अडकेल.