दूध उकळल्यावर अफ्लाटॉक्सिन जातं का?

नाही, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळून जात नाही. सरकीची पेंड, शेंगदाणा पेंड, मका ओलसर जागी राहिला की बुरशी धरते. त्यातलं अफ्लाटॉक्सिन बी१ जनावराच्या यकृतात बदलून एम१ होतं आणि दुधात उतरतं. पनीरमध्ये ते केसीन या दुधातल्या प्रथिनाला धरून राहतं, म्हणून किलोमागे प्रमाण दुधापेक्षा जास्त. आपल्याकडे दुधात एम१ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात ०.०५. एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या सर्वेक्षणात दुधाच्या ६,४३२ पैकी ५.७ टक्के नमुने मर्यादेबाहेर निघाले.

धोका वजनाच्या हिशेबाने बघा. अर्धा लिटर दूध पिणाऱ्या दहा किलोच्या बाळाला तेवढंच दूध पिणाऱ्या साठ किलोच्या माणसाच्या सहापट मात्रा बसते. हेपॅटायटिस बी असेल तर यकृताला धोका आणखी वाढतो. पण घाबरून मुलांचं दूध तोडू नका. घरी जनावर असेल, तर कुबट वासाची पेंड त्याच्यापुढे टाकूच नका.