‘मी कुठेच टिकत नाही’ असे वाटते तेव्हा

“मॅडम, मी कुठेच टिकत नाही,” हे वाक्य अलीकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तोंडून मी वारंवार ऐकते. बोलणारी व्यक्ती कधी बँकेतली अधिकारी असते, कधी प्रकल्पावरचा अभियंता. नोकरी किंवा गाव बदलले की दोष आपल्यातच आहे, ही समजूत मात्र सर्वांची सारखीच असते.

यांपैकी एक गृहस्थ फुटबॉल प्रशिक्षक होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळलेले, पुढे वेगवेगळ्या राज्यांतील निवासी शाळांत शिकवणारे. करार संपला की बिऱ्हाड हलवायचे, हे अंगवळणी पडले होते. पण शेवटच्या शाळेने करार वाढवला नाही, तेव्हा “याचे बस्तान काही बसत नाही” हे नातेवाइकांचे बोलणे त्यांनी खरे मानले आणि त्यांची झोप उडाली.

पहिल्या काही भेटींत माझ्या युक्तिवादाचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. मग मी विचारले, “सतत संघ बदलूनही तुम्हाला आदर वाटतो, असा प्रशिक्षक कोण?”

“बोरा मिलुतिनोविच,” ते तत्काळ उत्तरले आणि त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने बोलू लागले. 1944 साली सर्बियात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा भावांप्रमाणेच बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळला, पुढे फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधून मेक्सिकोत पोहोचला, तिथेच त्याने लग्न केले आणि तिथेच तो प्रशिक्षक झाला. 1986 च्या विश्वचषकात त्याचा मेक्सिको उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. 1990 मध्ये प्रथमच पात्र ठरलेल्या कोस्टा रिकाने त्याच्या हाताखाली स्कॉटलंड आणि स्वीडनला हरवले. 1994 मध्ये अमेरिका आणि 1998 मध्ये नायजेरिया हे संघही गटसाखळी पार करून गेले. 2002 मध्ये त्याने चीनला प्रथमच विश्वचषकात नेले, पण तिथे चीनला एकही गोल करता आला नाही. पाच विश्वचषक, पाच वेगळे देश.

“पण मधल्या काळात तो पुन्हा मेक्सिकोचा प्रशिक्षक झाला, तेव्हा 1997 मध्ये त्याला काढलेच होते ना?” मी विचारले. ही माहिती मी मुद्दाम मिळवून ठेवली होती.

“हो, पण त्याने संघाला 1998 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरवले होते, मॅडम! खेळ रटाळ होतो म्हणून प्रेक्षक नाराज होते आणि संघटनेला बदल हवा होता. त्यात त्याची लायकी कुठे कमी ठरते? त्याच विश्वचषकात त्याच्या नायजेरियाने स्पेनला 3-2 असे हरवले.”

“आता तुमच्या शेवटच्या शाळेबद्दल इतक्याच न्यायाने सांगा.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “व्यवस्थापन बदलले. नव्या लोकांना क्रिकेट हवे होते.” आणि थोड्या वेळाने, “मुलींचा पहिला संघ मी उभा केला होता. त्या अजून मला सामन्यांचे व्हिडिओ पाठवतात.”

या क्षणाची मी अनेक आठवडे वाट पाहत होते. माणसाला घटना तितकीशी खचवत नाही, जितका तिच्यावरून स्वतःवर मारलेला शिक्का खचवतो, ही माझी अभ्यासातून आणि अनुभवातून घडलेली ठाम धारणा आहे. इतरांची नोकरी गेली की आपण कारणे शोधतो आणि स्वतःची गेली की थेट स्वभावाला दोष देतो. हा भेद त्यांना स्वतःच्याच तोंडून ऐकू आला, आणि तसे प्रश्न विचारणे हेच माझे काम असते, असे मी मानते.

अशी चिंता असणाऱ्यांनी सोडलेल्या प्रत्येक जागेसमोर ती का सुटली हे लिहावे: मुदत संपली, काढले गेले की आपण होऊन सोडली. प्रत्येक ठिकाणी त्याच प्रकारचे भांडण दिसले, तर मात्र स्वतःच्या वागण्याकडे पाहायलाच हवे. तिथे बोराचे उदाहरण देऊन पळवाट शोधू नये. शिवाय फिरतीवर असणाऱ्याचे एक घर तरी पक्के असावे. बोराने मेक्सिकोत संसार थाटला होता.

या प्रशिक्षकांनी पुढचा करार करताना पगाराच्या आधी मुदत आणि वर्षअखेरीच्या अपेक्षा लेखी मागितल्या. मुलीची शाळा न बदलता पत्नीने कोल्हापुरातच राहावे, हेही दोघांनी मिळून ठरवले.