स्क्रीनवर झकास, कागदावर धूसर

प्रश्न: आम्ही दोघं मित्र शाळेसाठी विज्ञानाचं मल्टिमीडिया पुस्तक बनवणारं सॉफ्टवेअर करतोय, एचटीएमएलमध्ये. प्रिंट दिली की आकृत्या धूसर, रंगीत चौकटी गायब, व्हिडिओच्या जागी काळा डबा. शिक्षकांना तर कागद हवाच आहे. काय करू?

उत्तर: आकृत्या धूसर येतायत म्हणजे तुम्ही बहुतेक स्क्रीनचा फोटोच प्रिंटरला देताय, घोळ तिथंच आहे. हिशोब बघा ना, ए४ कागद ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) भरायला साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात आणि तुमचा १२८० बाय ७२० चा स्क्रीनशॉट त्याच दर्जाने छापला तर जेमतेम सव्वाचार इंच रुंद येतो, मग ताणला की धूसर होणारच. हे दुखणं जुनंच आहे, मॅक्रोमीडिया डायरेक्टर या जुन्या मल्टिमीडिया सॉफ्टवेअरची छपाईची प्रिंटफ्रॉम कमांडसुद्धा स्टेज, म्हणजे पडद्यावरचं दृश्य, ७२ डीपीआयनेच छापायची.

तेव्हा मजकूर मजकूरच राहू द्या, आकृत्या एसव्हीजीत (कितीही मोठं केलं तरी धूसर न होणारं, रेषांचं चित्र) घ्या, आणि प्रिंटसाठी वेगळी सीएसएस (पान कसं दिसावं याचे नियम) लिहाच, आळस करू नका. चौकटींचे रंग ब्राउझर मुद्दाम गाळतो, शाई वाचावी म्हणून, त्यासाठी त्याच सीएसएसमध्ये प्रिंट-कलर-ॲडजस्टला एक्झॅक्ट द्या. आकृती दोन पानांत तुटत असेल तर तिथंच ब्रेक-इनसाइडला अव्हॉइड द्या.

व्हिडिओ काही कागदावर हलणार नाही, पण त्यातली नेमकी एक फ्रेम निवडा (पहिलीच नको, ती बऱ्याचदा काळी असते), खाली दोन ओळी आणि क्यूआर कोड. फ्रेम मात्र शिक्षकांनाच निवडू द्या, त्यांना माहीत असतं मुलं कुठं अडतात ते.